गोळीच्या वाटेवरून काढलेला नकाशा: तात्सुजी इनोउये आणि मेंदूतलं दृष्टिक्षेत्र

रशिया-जपान युद्ध फेब्रुवारी १९०४ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर १९०५ मध्ये संपलं. जखमी होऊन परतलेल्या जपानी सैनिकांत काही जण असे होते, की गोळी डोक्याच्या मागच्या भागातून आरपार गेली होती आणि तरीही माणूस जिवंत होता, चालत-बोलत होता. त्यांची तक्रार नजरेची होती. कुणाला एका बाजूचं दिसत नव्हतं, कुणाला खालचं, तर कुणाला नेमकं समोरचंच. सरकारला त्यांची पेन्शन ठरवायची होती आणि त्यासाठी कुणाची नजर किती गेली हे मोजून द्यायचं होतं. हे काम तात्सुजी इनोउये या पंचविशीच्या आसपासच्या नेत्रतज्ज्ञाकडे आलं.

प्रत्येकाचा टक्का ठरवायचा, कागद पुढे पाठवायचा आणि पुढच्या जखमीला बोलवायचं, एवढ्यावर ते भागलं असतं. इनोउये यांनी त्याच तपासणीतून मेंदूत दृष्टिक्षेत्र (नजर न हलवता जेवढं दिसतं तो सगळा भाग) कसं मांडलेलं असतं याचा पहिला भरवशाचा नकाशा काढला. हा नकाशा पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमींवर तपासला गेला, माकडांवर तपासला गेला, एमआरआयवर तपासला गेला. आकडे बदलले, मांडणी टिकली. ती का टिकली हे समजून घ्यायचं तर त्यांनी नेमकं काय मोजलं, कसं मोजलं आणि त्यांच्या हाती कोणते जखमी आले, हे सगळं बघावं लागतं.

तोपर्यंत काय माहीत होतं

फ्रान्चेस्को जेन्नारी या पार्मातल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला १७७६ मध्ये मेंदूच्या मागच्या भागात, करड्या थराच्या आत, एक बारीक पांढरी रेघ दिसली होती. नुसत्या डोळ्यांना दिसणारी ही रेघ मेंदूच्या इतर भागांत नसते. तिचा नजरेशी काही संबंध आहे हे कळायला मात्र पुढची शंभरहून जास्त वर्षं गेली. १८७० च्या दशकात डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर प्रयोग करून नजरेचं केंद्र मेंदूच्या वरच्या बाजूला, कानाच्या मागे-वर असलेल्या वळीत असल्याचं सांगितलं, आणि ते चुकीचं ठरलं. बर्लिनच्या हेर्मान मुंक यांनी माकडाच्या मेंदूचा एका बाजूचा मागचा खंड काढला, तेव्हा त्याला विरुद्ध बाजूचं दिसेनासं झालं, आणि तेही दोन्ही डोळ्यांनी.

हा ‘दोन्ही डोळ्यांनी’ मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे हमखास गोंधळ होतो. उजव्या डोळ्याचं सगळं डाव्या मेंदूत जातं, असं नसतं. तुमच्या डावीकडे जे आहे, त्याची प्रतिमा दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या) उजव्या अर्ध्यावर पडते. दोन्ही डोळ्यांच्या त्या उजव्या अर्ध्यांतले तंतू मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतात, त्यासाठी डाव्या डोळ्यातले तंतू वाटेत बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या उजव्या बाजूला मागे इजा झाली, की दोन्ही डोळ्यांचं डावं क्षेत्र जातं. रुग्ण मात्र बऱ्याचदा ‘माझा डावा डोळा गेला’ असं सांगतो. त्याचा तो डोळा तपासावा तर बुबुळ स्वच्छ, दृष्टिपटल ठीक, बाहुली उजेडाला नीट प्रतिसाद देते. युद्धाच्या पेन्शनच्या रांगेत अशा माणसावर ढोंगाचा संशय येणं किती सोपं आहे, हे सांगायला नको. त्याच्या बाजूने बोलणारं एकच साधन होतं, ते म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची वेगवेगळी मोजणी.

काचबिंदूसाठी आज आपल्याकडे जी फील्ड टेस्ट करतात तिचंच हे जुनं रूप. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, दुसरा समोरच्या खुणेवरून हलवायचा नाही. अर्धवर्तुळाकार पट्टीवरून एक पांढरा ठिपका कडेकडून मध्याकडे सरकवत आणायचा आणि तो कुठे दिसू लागला ते विचारायचं. मग पट्टी फिरवून दुसऱ्या दिशेने तेच. सगळ्या दिशा झाल्या की कागदावर त्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्राची हद्द उमटते, आणि हद्दीच्या आत जिथे ठिपका नाहीसा होतो ते आंधळे डागही. काम सावकाश चालतं आणि रुग्ण थकतो, पण नीट केलं तर त्यातून अंशांत बोलणारा पुरावा मिळतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरा वाद होता तो नकाशाच्या आतल्या मांडणीचा. स्वीडनचे सालोमन हेन्शेन यांनी मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून नजरेची जागा बरीच नेमकी केली होती. मेंदूच्या दोन अर्ध्यांच्या आतल्या भिंतीवर मागच्या बाजूला एक खोल आडवी खाच असते, तिला कॅल्कराईन खाच म्हणतात. ती खाच आणि तिचे दोन्ही काठ ही नजरेची जागा. दृष्टिक्षेत्राचा वरचा अर्धा खालच्या काठावर आणि खालचा अर्धा वरच्या काठावर असतो, हेही हेन्शेन यांचं बरोबर होतं. पण या खाचेत नजरेचा मध्य कुठे आणि कडा कुठे? हेन्शेन म्हणत होते की मध्य खाचेच्या पुढच्या टोकाला आहे. मोठ्या अभ्यासकाचं हे मत होतं आणि ते साफ उलटं होतं.

हेन्शेन चुकले यात त्यांचा फार दोष मला वाटत नाही. त्यांच्याकडचे बहुतेक मेंदू अर्धांगवायूसारख्या झटक्याने किंवा गाठींनी बिघडलेले होते. रक्तवाहिनी तुंबली की तिच्या पाण्याखालचं सगळं शेत एकदम सुकतं, त्यामुळे इजेचा आकार रक्तवाहिनीच्या फांद्यांचा असतो. नजरेच्या नकाशाशी त्याचा काही संबंध नसतो. शिवाय या भागाच्या मागच्या टोकाला अनेकांत दोन वेगवेगळ्या धमन्यांकडून रक्त मिळतं, म्हणून एक बंद पडली तरी तेवढं टोक वाचू शकतं. अशा पुराव्यातून खाचेचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणं अवघडच होतं. त्यासाठी रक्तवाहिन्यांची पर्वा न करणारी, लहान, आणि जागा नक्की सांगता येईल अशी इजा हवी होती. मंचुरियाच्या, म्हणजे रशिया-जपान युद्धाच्या रणांगणावर नेमकी तीच घडत होती.

नवी बंदूक

रशियन सैन्याच्या हातात १८९१ सालची मोसिन-नागां रायफल होती. गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. त्याआधीची रशियन बर्डान रायफल साडेदहा मिलिमीटरहून जाड, मऊ शिशाची आणि बरीच हळू जाणारी गोळी झाडायची. तशी गोळी कवटीवर आदळली की चपटी व्हायची, हाडाचा चुरा करायची, आणि माणूस वाचत नसे. नव्या गोळीला कठीण धातूचं आवरण होतं. ती लांबट होती, बारीक होती, टोक गोल होतं. पुरेसं अंतर कापून आलेली अशी गोळी कवटीला एका बाजूने छोटं भोक पाडून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत होती. वाटेतला मेंदू नष्ट व्हायचा, पण ती वाट अरुंद आणि जवळपास सरळ असायची. पुढे १९०८ मध्ये रशियाने हलकी, टोकदार आणि आणखी वेगवान गोळी स्वीकारली. टोकदार गोळ्या शरीरात शिरल्यावर कलंडण्याकडे जास्त झुकतात. सरळ वाट मागे ठेवणाऱ्या आरपार गोळ्यांचा काळ फार लांबलचक नव्हता, आणि इनोउये त्या काळात नेमके तिथे होते.

मोजणी

इनोउये यांचा विचार सरळ होता. गोळी कवटीत शिरली तो बिंदू ठाऊक आहे, बाहेर पडली तो बिंदू ठाऊक आहे. दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली तर वाटेत मेंदूचा कोणता भाग लागला हे सांगता येईल. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचं दुसरं कोणतंही साधन तेव्हा नव्हतं. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि क्ष-किरणांनाही मेंदूचा मऊ भाग दिसत नाही.

पण सांगायला सोपी असलेली ही रेघ प्रत्यक्षात काढणं सोपं नाही. डोकं गोल असतं, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि बाहेरून कवटीवर बोट ठेवून आत काय आहे ते सांगायचं असतं. म्हणून त्यांनी डोक्यावर बसवायचं एक मोजमापाचं उपकरण स्वतः तयार केलं. कवटीवरच्या कोणत्याही जागेची लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापं त्याने घेता येत. दोन्ही भोकांची मापं घ्यायची, रुग्णाच्या डोक्याच्या आकारानुसार ती दुरुस्त करायची आणि एका प्रमाण मेंदूच्या आकृतीवर गोळीची वाट आखायची. ती वाट कॅल्कराईन खाचेच्या कुठल्या भागातून गेली, की तिथे पोचण्याआधीच्या तंतूंना तिने कापलं, हे बघायचं. आणि हे सगळं त्या माणसाच्या फील्ड टेस्टच्या कागदाशेजारी ठेवायचं.

एखादी जखम कल्पनेत घेऊन हे तर्कशास्त्र पाहता येईल. गोळी डोक्याच्या मागच्या अगदी टोकाशी डावीकडून शिरली आणि थोडं पुढे उजवीकडून निघाली. दोन्ही बाजूंच्या खाचेचं मागचं टोक गेलं. नजरेचा मध्य पुढच्या टोकाला असता, तर हा माणूस पुस्तक वाचू शकला असता, फक्त त्याच्या कडा अंधारल्या असत्या. उलट मध्य मागच्या टोकाला असेल, तर त्याच्या दृष्टिक्षेत्राच्या बरोबर मधोमध भोक पडेल. चेहऱ्याकडे बघावं तर चेहरा नाहीसा होईल, भोवतालची खोली मात्र दिसत राहील.

इनोउये यांच्या जखमींनी दुसरं उत्तर दिलं. मागच्या टोकाला इजा म्हणजे नजरेच्या मध्याला इजा, आणि खाचेत जसजसं पुढे जावं तसतशी इजा दृष्टिक्षेत्राच्या कडेकडे सरकत जाते. वरचा आणि खालचा काठ हेन्शेन यांनी सांगितल्याप्रमाणेच होता. एकूण २९ जखमींवरून त्यांनी नकाशा काढला आणि १९०९ मध्ये लाइपझिगमधून जर्मन भाषेत एक प्रबंध प्रसिद्ध केला.

त्या नकाशातली सगळ्यात मोलाची गोष्ट दिशांच्याही पलीकडची आहे. तो नकाशा प्रमाणात नाही. नजरेच्या मध्यातला छोटासा भाग खाचेचा प्रचंड मोठा तुकडा व्यापतो, आणि कडेचा अफाट विस्तार पुढच्या टोकाशी उरलेल्या चिंचोळ्या जागेत कोंबलेला असतो. मेंदूच्या मागे डोळ्यातल्या चित्राची हुबेहूब छोटी प्रत उमटत असेल, असं कुणालाही सहज वाटतं. मुंक यांचीही कल्पना दृष्टिपटलाचंच प्रतिरूप मेंदूत असण्याकडे झुकणारी होती. इनोउये यांच्या आकृतीत ती प्रत नाही. तिथे जागा किती मिळते हे त्या भागातून किती बारकावा येतो यावर ठरतं.

याची साक्ष वाचकाला इथल्या इथे मिळेल. या ओळीतल्या एखाद्या अक्षरावर नजर रोवा आणि ती न हलवता त्याच ओळीतला पाचवा-सहावा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथे शब्द आहे हे कळतं, तो वाचता येत नाही. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला तर त्याची रुंदी दृष्टिक्षेत्रात साधारण दोन अंश भरते. बारीक वाचण्याचं, सुईत दोरा ओवण्याचं, चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याचं जवळपास सगळं काम तेवढ्या वर्तुळात चालतं. आपल्याला सगळीकडे सारखंच स्पष्ट दिसतं असं वाटतं, कारण डोळे सेकंदाला दोन-तीनदा उडी मारत हे छोटं वर्तुळ हवं तिथे नेतात.

जे वाचले त्यांचाच नकाशा

इनोउये यांच्या पद्धतीची सगळ्यात नाजूक बाजू गणिताची नाही. त्यांनी फक्त जिवंत माणसं तपासली, आणि कोण जिवंत राहतो हे मेंदूची रचनाच ठरवत होती.

डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला मेंदूतल्या मोठ्या शिरा एकत्र येतात. त्याच्या खाली लहान मेंदू आणि त्याच्यापुढे श्वास-हृदय सांभाळणारा मेंदूचा देठ. खाचेचा वरचा काठ या सगळ्यापासून जरा लांब आहे. तिथून गोळी गेली तर माणूस वाचण्याची आशा असते, आणि वरचा काठ म्हणजे दृष्टिक्षेत्राचा खालचा अर्धा. असे जखमी परत आले, त्यांना पायाखालची वाट दिसत नव्हती. खालच्या काठातून जाणारी गोळी मात्र बहुधा त्या शिरांनाही फाडते, आणि तो माणूस रणांगणावरच जातो. म्हणून फक्त वरचा अर्धा गेलेले जखमी फार थोडे आढळतात. हाच विरळपणा पुढे पहिल्या महायुद्धातही दिसला आणि तेव्हा त्याचं हे कारण स्पष्टपणे मांडलं गेलं. नकाशाचा एक अर्धा भरपूर पुराव्यावर उभा होता आणि दुसरा कमी पुराव्यावर, कारण त्या दुसऱ्या अर्ध्याचे साक्षीदार तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलेच नाहीत. या अभ्यासाबद्दल वाचताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त बोचते.

बाकीच्या उणिवाही खऱ्या आहेत. गोळी हाडाला लागून थोडी वळू शकते. वाटेभोवतीचा मेंदू सुजतो आणि काही काळ बंद पडतो, त्यामुळे आज गेलेलं क्षेत्र सहा महिन्यांनी थोडं परत येऊ शकतं. प्रमाण मेंदू हा शेवटी कुणा एकाचाच मेंदू असतो. माणसामाणसांत या भागाचं क्षेत्रफळ दुपटी-तिपटीने बदलतं हे आता माहीत आहे. एवढं असूनही मांडणी बरोबर आली, कारण २९ वेगवेगळ्या वाटा एकमेकींना तपासत होत्या. एका जखमीतली चूक दुसऱ्या जखमीत त्याच दिशेने होत नाही.

दुसरं युद्ध

१९१४ नंतर फ्रान्समधल्या खंदकांत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. ब्रिटिश सैन्यासोबत असलेले मज्जाविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स आणि नेत्रतज्ज्ञ विल्यम लिस्टर यांनी १९१६ मध्ये आणि पुढे होम्स यांनी एकट्याने १९१८ मध्ये डोक्याच्या मागे जखमा झालेल्या सैनिकांचे अहवाल मांडले. ब्रिटिशांचं उथळ, ताटलीसारखं शिरस्त्राण डोक्याचा वरचा भाग झाकायचं, मागचा भाग उघडाच राहायचा. होम्स यांचं निरीक्षण विलक्षण काटेकोर होतं, तेही जखमींच्या रांगा लागलेल्या इस्पितळात रुग्णाच्या खाटेशेजारी बसून केलेलं. मध्य मागे, कडा पुढे, मध्याला जास्त जागा, हे सगळं त्यांनाही मिळालं. पुढची सत्तर वर्षं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होम्स यांचा नकाशा छापला गेला. इनोउये यांच्या प्रबंधाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद व्हायला २००० साल उजाडलं. मिचेल ग्लिकस्टाइन आणि मानफ्रेड फाले यांनी तो केला. ज्याने आधी आणि तितकंच नीट मोजलं, त्याचं नाव बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकलेलंही नव्हतं. हा अन्याय होता, आणि तो थोडा तरी दूर झाला याचा मला आनंद आहे.

माकडांची साक्ष

जखमेवरून काढलेल्या नकाशात एक गोष्ट कधीच जमत नाही, ती म्हणजे अंशाला किती मिलिमीटर, असं नेमकं प्रमाण सांगणं. ते माकडांवर जमलं. एडिनबरामध्ये पीटर डॅनियल आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी बेशुद्ध माकडांच्या दृक्-बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरातला नजरेचा भाग) बारीक इलेक्ट्रोड घालून, डोळ्यापुढे कुठे प्रकाश दाखवला की कुठली जागा बोलते हे बिंदूबिंदूने नोंदवलं आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केलं. दृष्टिक्षेत्रातल्या एका अंशासाठी बाह्यकाचे किती मिलिमीटर, या मापाला त्यांनी विशालन गुणक म्हटलं. मध्यापासून दूर जाताना हा गुणक किती झपाट्याने घटतो याचा आलेख त्यांच्याकडून मिळाला. (आपले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी पीएच.डी. याच व्हिटरिज यांच्याकडे केली होती. आणि १९८७ मध्ये इनोउये यांची आठवण शास्त्रज्ञांना करून देणारा लेख ग्लिकस्टाइन यांच्यासोबत लिहिणारेही हेच व्हिटरिज.)

डोळ्यांनी बघता येईल असा पुरावा १९८२ मध्ये आला. बर्कलीत रॉजर टूटेल आणि सहकाऱ्यांनी एका बेशुद्ध मकाक माकडाला किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचली आणि त्याच्या डोळ्यापुढे लुकलुकणारी आकृती ठेवली: एकाच मध्याभोवतीची वर्तुळं आणि मध्यातून बाहेर जाणाऱ्या सरळ रेघा. ज्या पेशी काम करतात त्या ही साखर ओढून घेतात, पण तिचं पचन पुरं होत नाही, म्हणून ती पेशीतच अडकून राहते. नंतर माकडाचा जीव घेऊन त्याच्या दृक्-बाह्यकाची घडी उलगडून ती सपाट केली, पातळ काप काढले आणि ते क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवले. फिल्मवर ती आकृती उमटली. वर्तुळं तिथे वर्तुळं नव्हती, ती जवळजवळ समांतर उभ्या रेघा झाली होती, आणि मध्यातून निघणाऱ्या रेघा त्यांना छेदत आडव्या गेल्या होत्या. मुळात वर्तुळांमधलं अंतर बाहेर जाताना वाढत जाईल असं ठेवलं होतं. फिल्मवर मात्र ती जवळपास सारख्या अंतरावर आली. मध्य ताणला जातो आणि कडा आवळल्या जातात हे इनोउये यांनी गोळ्यांच्या रेघांवरून ताडलं होतं, ते इथे एका तुकड्यावर काळ्या रेघांत उघडं पडलं होतं. तो फोटो पाहिल्यावर या विषयात शंका घेण्यासारखं फार थोडं उरतं. त्यासाठी एका प्राण्याचा जीव गेला, हेही विसरता येत नाही.

मध्याला एवढी जागा का मिळते? अर्धं उत्तर डोळ्यातच आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावर शंकूपेशींची (उजेड टिपणाऱ्या पेशींची) दाटी एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाखांच्या घरात जाऊ शकते आणि कडेला ती झपाट्याने विरळ होते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे तंतू मात्र दर डोळ्याला साधारण दहा-बारा लाखच, आणि त्यांचा मोठा वाटा मध्याचा. मेंदूने नुसता आलेल्या तंतूंच्या संख्येप्रमाणे वाटा दिला, की मध्यातल्या प्रत्येक तंतूला शिवाय थोडं जास्त दिलं, यावर १९८० आणि ९० च्या दशकांत बराच वाद झाला. पॉल अझोपार्दी आणि अ‍ॅलन कौई यांनी १९९३ मध्ये माकडात मध्याला खरोखरच जास्तीचं माप मिळतं असं दाखवलं, आणि मला त्यांची बाजू जास्त पटते.

होम्स यांच्या नकाशाची दुरुस्ती

१९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉइट यांनी दृक्-बाह्यकात नेमकी इजा झालेल्या तीन रुग्णांचे एमआरआय आणि त्यांच्या फील्ड टेस्ट शेजारी ठेवल्या. इनोउये यांचंच काम, फक्त आता इजेची जागा गोळीच्या वाटेवरून ताडावी लागत नव्हती, ती दिसत होती. होम्स यांच्या नकाशाने मध्याला दिलेली जागाही कमीच आहे असं त्यांना आढळलं. माकडांवरच्या मापांचा आधार घेऊन त्यांनी माणसासाठी सूत्र दिलं: मध्यापासूनचे अंश घ्यायचे, त्यात ०.७५ मिळवायचे आणि १७.३ ला त्या बेरजेने भागायचं, की एका अंशाला मिळणारे मिलिमीटर येतात. अगदी मध्यावर हे उत्तर २३ मिलिमीटर येतं, १० अंशांवर १.६, आणि ४० अंशांवर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. या सूत्राने हिशोब केला तर लांब धरलेल्या अंगठ्याएवढ्या वर्तुळाला दृक्-बाह्यकाचा सात-आठ टक्के भाग मिळतो, आणि मधल्या दहा अंशांना जवळपास निम्मा.

हा हिशोब दवाखान्यात रोज उपयोगी पडतो. मागच्या टोकाला वाटाण्याएवढी इजा झाली तर माणसाचं वाचन बंद पडू शकतं. तेवढीच इजा खाचेच्या पुढच्या भागात झाली तर दृष्टिक्षेत्राचा मोठा पट्टा जातो, पण तो दूर कडेला असल्याने रुग्णाला स्वतःला कदाचित कळतही नाही. स्कॅनवर इजा लहान दिसते म्हणून नुकसान लहान, असं धरून चालता येत नाही.

नकाशा उलट दिशेने

नकाशा माहीत असेल तर तो उलटा वापरता यायला हवा: बाह्यकावर एक जागा विजेने चेतवली तर आंधळ्या माणसाला ठरावीक ठिकाणी ठिपका दिसायला हवा. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल ल्युइन यांनी ५२ वर्षांच्या एका अंध स्त्रीच्या दृक्-बाह्यकावर ८० इलेक्ट्रोड बसवले, आणि तिला खरोखरच ठिपके दिसले, तेही साधारण नकाशाने सांगितलेल्या भागात. डोळे हलवले की ठिपकेही सोबत हलत. २०२० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पीटर रूल्फ्सेमा यांच्या गटाने माकडांच्या दृक्-बाह्यकात १,०२४ इलेक्ट्रोड बसवले. प्रत्येक इलेक्ट्रोड दृष्टिक्षेत्रातल्या कोणत्या बिंदूवर आहे हे आधी मोजलं, मग निवडक इलेक्ट्रोड एकदम चेतवून अक्षरं ‘लिहिली’, आणि माकडांनी ती ओळखली.

माणसात हे करताना मुख्य अडचण जागेची आहे. मकाक माकडात नजरेच्या मधल्या सात-आठ अंशांचा भाग मेंदूच्या बाहेरच्या, गुळगुळीत पृष्ठावर उघडा असतो, इलेक्ट्रोडची पट्टी तिथे सपाट बसते. माणसात तोच भाग मागच्या टोकाशी आणि आतल्या भिंतीवर ढकलला गेला आहे आणि उरलेला बराचसा कॅल्कराईन खाचेत घडी होऊन दडलेला आहे. सर्जनला दोन अर्ध्यांच्या फटीत शिरावं लागतं, त्याच मोठ्या शिरांच्या शेजारून. मागचं टोक तेवढं हाताशी येतं. इलेक्ट्रोड याच टोकाजवळ बसवले, तर दिसणारे ठिपके दृष्टिक्षेत्राच्या मध्याजवळ गोळा होतात. अक्षरं ओळखायला तेवढं पुरू शकेल. रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी कळण्यासाठी खाचेच्या आतपर्यंत, पुढच्या चिंचोळ्या भागात पोचावं लागेल, आणि तिथे एका मिलिमीटरमध्ये कित्येक अंश दाटलेले असतात.